‘वाट चुकलो’ म्हणणाऱ्याचं आधी ऐका

विमानाची चाकं टेकली की प्रवासी फोन सुरू करतात, मागच्या रांगेत कुणीतरी पट्टाही सोडतं. प्रवास संपला, असंच सगळ्यांना वाटतं. कॉकपिटमध्ये मात्र त्याच मिनिटांत कामांची गर्दी उसळलेली असते. धावपट्टी लवकर मोकळी करायची, टॉवर सोडून जमिनीवरची विमानं सांभाळणाऱ्या ग्राउंड नियंत्रकाच्या फ्रिक्वेन्सीवर जायचं, फ्लॅप आत घ्यायचे, ग्राउंड भराभर सांगेल ती टॅक्सीवेची, म्हणजे धावपट्टी ते पार्किंग या वाटांची, अक्षरं लिहून घेऊन परत म्हणून दाखवायची. एकाची मान या कामांत खाली असते. बाहेर बघायला उरतो दुसरा, आणि ओल्या डांबरावर रात्रीची पिवळी रेघ त्यालाही धड दिसत नाही.

मुंबई विमानतळावर नियंत्रक म्हणून मी बरीच वर्षं ग्राउंडवर काम केलं. वैमानिक जमिनीवर वाट चुकतात, अनुभवी वैमानिकही चुकतात. ५ सप्टेंबर २०१७ च्या पहाटे कोचीत अबुधाबीहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान पावसात पार्किंगकडे निघालं आणि टॅक्सीवे यायच्या आधीच वळून गटारात गेलं. १०२ प्रवासी सुखरूप उतरले. बातम्यांचा सगळा रोख वैमानिकावर होता. मला त्याहून मोठी काळजी रेडिओच्या दुसऱ्या टोकाची वाटते.

६ डिसेंबर १९९९ ची रात्र, अमेरिकेतलं प्रॉव्हिडन्स विमानतळ, दाट धुकं. युनायटेडचं बोइंग ७५७ उतरलं, टर्मिनलकडे जाताना चुकीच्या टॅक्सीवेवर वळलं आणि फिरून पुन्हा त्याच धावपट्टीवर येऊन उभं राहिलं. तिथे जमिनीवरची विमानं दाखवणारं ग्राउंड रडार नव्हतं. टॉवरच्या काचेतून धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं. वैमानिक आपण नक्की कुठे आहोत हे शोधत होते, रेडिओवर सांगत होते. तेवढ्यात फेडएक्सचं ७२७ त्यांच्या अगदी जवळून उड्डाण करून गेलं. आपण वापरात असलेल्या धावपट्टीवर आहोत, हे त्यांनी कळवलं. नियंत्रकांना ते पटलं नाही. त्यांच्या मनातल्या नकाशात ते विमान दुसरीकडेच होतं. त्यांनी पुढच्या, यूएस एअरवेजच्या विमानाला उड्डाणाची परवानगी दिली. त्या वैमानिकांनी ती नाकारली. सगळा उलगडा होईपर्यंत आम्ही धावपट्टीवर जाणार नाही, असं ते ठामपणे म्हणाले. त्या रात्री अनेकांचे प्राण त्या नकाराने वाचवले, असं मी मानतो.

२००१ च्या ८ ऑक्टोबरला मिलानच्या लिनाते विमानतळावर असा नकार देणारं कुणी नव्हतं. तिथलं छोटं सेसना विमान उतरलेलं नव्हतं, उड्डाणाला निघालं होतं. धुक्यात त्याला आर-५ टॅक्सीवे सांगितला होता, ते आर-६ वर गेलं. वाटेत वैमानिकाने जमिनीवर रंगवलेली एस-४ ही खूण कळवली. टॉवरला ती खूण ठाऊक नव्हती, तरी ती नक्की कुठे आहे हे कुणी विचारलं नाही. जुनं ग्राउंड रडार काढलेलं, नवं सुरू झालेलं नव्हतं. सेसना धावपट्टीवर आलं, उड्डाण करणाऱ्या एसएएस या विमान कंपनीच्या विमानाशी टक्कर झाली, ११८ माणसं गेली.

आंतरराष्ट्रीय नियम याबाबत स्पष्ट आहे. आपण कुठे आहोत याची शंका आली, तर वैमानिकाने थांबावं आणि कळवावं. धावपट्टीवर असेल तर कळवून शक्य तितक्या लवकर बाहेर पडावं. ते कळताच नियंत्रकाने बाकीची विमानं सुरक्षित ठेवावीत. कागदावर उणं काही नाही, आड येते ती घाई. संध्याकाळच्या गर्दीत एखाद्याने ‘जागा नक्की कळत नाही’ म्हटलं, की उत्तर देणाऱ्याच्या आवाजाला धार येते. ती धार नव्या सहवैमानिकाला बरोबर ऐकू येते. पुढच्या वेळी तो विचारत नाही, अंदाजाने वळतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, तिथे अंदाजाला जागाच नाही. आज मुंबईत ग्राउंड रडार आहे. लहान विमानतळांवर ते नसतं, तिथे वैमानिकाचं बोलणं हीच एक खूण.

म्हणून माझी मागणी दोन्ही बाजूंकडे आहे. विमान कंपन्यांनी टॅक्सीवेवर थांबून विचारणाऱ्या वैमानिकाकडून उशिराचा खुलासा मागू नये. आणि टॉवरमध्ये प्रशिक्षणापासूनच हे अंगवळणी पडावं, की हरवलेलं विमान सापडेपर्यंत उड्डाण नाही, उतरणं नाही, धावपट्टी ओलांडणं नाही. गर्दीच्या वेळी त्यापायी तीन-चार विमानांना पुन्हा वर जाऊन घिरटी घालावी लागेल. घालू द्यावी.