वारणेचा पूल

गेल्या रविवारी कऱ्हाडहून लग्न आटोपून परत येत होतो. लग्नात हिच्या माहेरचे दोन चुलतभाऊ एका पंगतीला जेवले. विहिरीवरून वीस वर्षे एकमेकांचे तोंड पाहत नव्हते! एस.टी.त ही म्हणाली, "देवानेच बुद्धी दिली म्हणायची." तेवढ्यात वारणेचा पूल आला आणि माझ्यातला इतिहासाचा मास्तर जागा झाला.

साताऱ्याचे शाहू महाराज आणि आमच्या करवीरचे संभाजी महाराज हेही चुलतभाऊच. दोघेही शिवछत्रपतींचे नातू. पण गादीवरून वैर इतके, की संभाजीराजे निजामाला जाऊन मिळाले. 1728 मध्ये पालखेडला बाजीरावाने निजामाला नमवले, तरी घरचे भांडण मिटले नाही. 1730 मध्ये वारणेकाठी शाहूंच्या फौजेने करवीरची छावणी मोडली. संभाजीराजे पन्हाळ्याला निसटले. ताराबाई, राजसबाई, जिजाबाई शाहूंच्या हाती लागल्या.

आता देवाने मन फिरवले म्हणायचे, ते कुणाचे? हरलेल्याचे? मला नाही पटत. हरलेला तहाला येतोच, त्याला देव कशाला लागतो! खरी गोष्ट जिंकलेल्याची. शाहूंनी राजसबाई आणि जिजाबाईंना सन्मानाने पन्हाळ्याला परत पाठवले. (ताराबाई मात्र साताऱ्यासच राहिल्या. इकडे तरी त्या कैदेतच होत्या म्हणा.) शाहू स्वतः 1689 ते 1707 मोगलांच्या कैदेत वाढले. मातोश्री येसूबाई तर 1719 पर्यंत सुटल्या नाहीत. आईची वाट पाहणे काय असते हे ज्याला ठाऊक, तो दुसऱ्याची आई अडकवून कशी ठेवील? देव मन फिरवतो तो असा, आपल्याच जुन्या दुखण्याची आठवण देऊन, असे मला वाटते.

पुढे 13 एप्रिल 1731 ला वारणेचा तह झाला. वारणेच्या दक्षिणेचा, तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख करवीरकडे आला. वर्गात हा तह मी पाच मिनिटांत उरकत असे. कलमे पाठ करा, दोन मार्कांना येतात! बायकांना परत पाठवल्याचे कधी सांगितले नाही, याचे आता वाईट वाटते.

हे सगळे ऐकून ही म्हणाली, "मग तुमचे काय?"

माझाही एक चुलतभाऊ आहे. बांधावरून चौदा वर्षे बोलणे नाही. कोर्टात जिंकलो मीच. माझी आई गेली तेव्हा तो पायरीपर्यंत येऊन परत गेला. आत ये म्हणायचे मला सुचले नाही.

किणीचा नाका येईपर्यंत मी गप्प होतो. त्याचा नंबर माझ्याकडे नाही. हिच्याकडे आहे, हे मात्र त्या दिवशीच कळले.