तेहेतीस अनारसे आणि एक आकडा

२०२३ साली अधिक श्रावण आला होता. माझा भाऊ मुलताईहून रेल्वेने भोपाळला आला तो जावयाचं वाण घेऊन. ३३ अनारसे, चांदीचं निरांजन, वर लाल खणाचा तुकडा. अशोका गार्डनमधल्या आमच्या दोन खोल्यांत त्या दिवशी तुपाचा आणि खसखशीचा वास भरून राहिला होता. नवऱ्याने पाटावर बसून वाण घेतलं, भावाच्या पाया पडला, पण जेवताना त्याची मान काही वर होईना. रात्री भावाला स्टेशनवर सोडून तो परत आला, मी ओटा पुसत होते, आणि म्हणाला, "एक सांगायचंय. तू आधी बस."

त्याआधीचे दहा-बारा दिवस तो असाच होता. जुलैच्या मध्यात भोपाळजवळच्या रातीबडची बातमी आली होती. नवरा-बायको आणि दोन लहान मुलं, चौघंही गेली. ऑनलाइन कामाच्या नादात फसलेला माणूस, मग ॲपवरचं कर्ज, मग धमक्या. त्याच्या सुमारे पावणेदोन वर्षं आधी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, पिपलानी भागातलं पाच जणांचं कुटुंब व्याजाने पैसे देणाऱ्यांच्या तगाद्यापायी संपलं होतं. पिपलानी आमच्यापासून लांब नाही. आमच्या गल्लीतले चार-पाच जण रोज तिकडे कामाला जातात. रातीबडची बातमी वाचून मी म्हणाले होते, "घरात कुणाला तरी सांगायचं ना!" नवरा काही बोलला नव्हता. मला काय माहीत, मी कुणाला सांगत होते ते.

ओट्याशेजारच्या स्टुलावर बसून मी ऐकत गेले. सासूबाईंच्या ऑपरेशनला काढलेलं पर्सनल लोन मला ठाऊक होतं. त्याचे १,४०,००० राहिले होते. क्रेडिट कार्डावर ६०,००० चढलेत हे ठाऊक नव्हतं. मुलताईच्या भावाकडून २५,००० हातउसने घेतलेत, हेही नव्हतं. वाण देऊन गेला त्या भावाने बहिणीला एका शब्दाने कळू दिलं नव्हतं. किराणावाल्याकडे ८,४०० ची उधारी. आणि शेवटी, बऱ्याच वेळाने, एका ओळखीच्या माणसाकडून घेतलेले ५०,०००, शेकडा पाचने. पाच टक्के वर्षाला नव्हे, महिन्याला. चौदा महिने दर महिन्याला २,५०० नेऊन दिले होते. ३५,००० गेले आणि मुद्दल ५०,००० च्या ५०,०००. वर सहीचे दोन कोरे चेक त्या माणसापाशी.

मी रागावले. तो राग कित्येक महिने टिकला आणि तो खोटा होता असं आज मी म्हणणार नाही. पण त्या रात्री आधी भिंतीवरचं कालनिर्णय काढलं. भोपाळमध्ये मराठी घर ओळखायचं तर भिंतीवर ते असतं, आणि तारखेच्या चौकटीत दुधाचा हिशेब असतो. जुलैचं पान उलटून मागे पेन्सिलीने पाचही रकमा एकाखाली एक लिहिल्या. बेरीज आली २,८३,४००. कॅलेंडर पुन्हा टांगलं. सकाळी सासूबाईंना दाखवलं. बारा वर्षांच्या लेकीलाही सांगितलं, तिला कळेल अशा शब्दांत. तिने एकच विचारलं, "म्हणून बाबा रात्री गॅलरीत उभे असतात?"

कर्जाबद्दल लिहायला बसलं की सगळे काटकसरीपासून सुरुवात करतात. माझं म्हणणं आहे, सुरुवात आकड्यापासून होते, आणि तो आकडा घरातल्या प्रत्येकाला माहीत असण्यापासून. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ला केला, तेव्हा हात पहिल्यांदा गेले ते वह्या-खतांवर. रोखे आणि वह्या जाळल्या गेल्या. त्या कागदांत आपल्या नावावर काय मांडून ठेवलंय हे ज्याचं त्याला वाचता येत नव्हतं. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा आला, त्यात ऋणकोला पावती मागण्याचा आणि हिशेब लिहून मागण्याचा हक्क दिला गेला. शाळेत हा धडा मी दंगलीचा म्हणून शिकले होते. आता तो मला हिशेबाचा धडा वाटतो. आमच्या घरात तर वाचता येणारी माणसं होती, आणि तरी चौदा महिने कुणी कुणाला काही वाचून दाखवलं नव्हतं.

जुन्या लोकांकडे 'दामदुप्पट' नावाचा नियम होता. व्याज कितीही साचो, एका वेळी मुद्दलाहून जास्त व्याज मागता येत नसे. मुंबई इलाख्यातल्या इंग्रजी कोर्टांनीही तो मानला. पण तो साचलेल्या व्याजाला. आमचा सावकार ते साचूच देत नव्हता, दर महिन्याच्या पाच तारखेला रोख घेत होता.

म्हणून सगळ्यात आधी ते ५०,०००. सासूबाईंनी न सांगता पाटल्या काढून माझ्या हातात दिल्या. मी नको म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "माझ्या औषधपाण्यातूनच सुरू झालं ना हे? मग?" सरकारी बँकेत सोनंतारण केलं. वर्षाला दहाच्या आसपास व्याज. म्हणजे जिथे महिन्याला २,५०० जात होते, तिथे व्याज सव्वाचारशेच्या घरात आलं. देण्याचा आकडा तेवढाच राहिला, पण आता तो आम्हाला फेडता येईल असा झाला. पैसे द्यायला आम्ही दोघं मिळून गेलो, शेजारचे एक निवृत्त काका साक्षीला घेऊन. कोरे चेक परत घेतले, सगळं फिटल्याचं लिहून घेतलं. मध्य प्रदेशात सावकारीला नोंदणी लागते, तो कायदा १९३४ पासूनचा आहे. काकांनी हे नुसतं बोलण्याच्या ओघात काढलं आणि कागदावर सही लगेच झाली.

मग कार्ड. त्याचं गणित मी लेकीबरोबर बसून मांडलं. महिन्याला साडेतीन टक्क्यांनी ६०,००० वर २,१०० व्याज, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३७८. बिलावर ठळक छापलेलं 'किमान देय' ३,०००. नवरा दर महिन्याला ते भरत होता आणि भरलं या समाधानात होता. त्यातून मुद्दल फिटत होतं ५२२ रुपये! लेकीने वजाबाकी दोनदा तपासली. बँकेत फोन करून त्या रकमेचे कमी व्याजाचे हप्ते पाडून घेतले आणि कार्ड कात्रीने कापलं.

आता खर्चाचं. खर्च कापायला बसलं की बाई पहिल्यांदा स्वतःचं ताट कापते. मीही तेच केलं. संध्याकाळचं दूध सोडलं, फळ मुलीपुरतंच आणायला लागले. दोन महिन्यांनी चक्कर येऊन पडले आणि तपासणीत बाराशे रुपये गेले. तेव्हापासून घरात नियम आहे: दूध, डाळ, औषध आणि शाळेची फी याला हात लावायचा नाही, आणि कापायचं ते सगळ्यांनी मिळून. शरबतीऐवजी लोकवन गहू भरला. सिहोरचा शरबती खाऊन वाढलेल्या माणसाला पोळीत फरक कळतो, पण पोळी ती पोळी. भाजी आठवड्यातून एकदा गल्लीतल्या तिघी मिळून करोंद मंडीतून घाऊक आणायला लागलो. लग्नाकार्यातले आहेर वर्षभर बंद केले, आणि तसं आधी फोन करून सांगितलं. हे सांगणं सगळ्यात जड गेलं. एका जावेने त्यावरून बोलणं टाकलं, ते अजून पूर्ववत झालेलं नाही.

विजेचं मात्र लेकीने मनावर घेतलं. इथे अटल गृह ज्योती योजनेत महिन्याला दीडशे युनिटांच्या आत राहिलं तर पहिली शंभर युनिटं शंभर रुपयांत मिळतात. दीडशेच्या वर गेलं की सगळी सवलत जाते. म्हणजे दिवसाला पाच युनिटं. ती रोज रात्री मीटर वाचून कॅलेंडरवर दुधाच्या आकड्याखाली युनिटं लिहायची. मे महिन्यात मात्र आम्ही हरलो. कूलर दिवसभर लावावाच लागतो, घरात म्हातारं माणूस आहे.

त्या कूलरनेच नवऱ्याला जोडधंदा दिला. तो गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात फिटर आहे. मोटर खोलणं-जोडणं हे त्याचं रोजचं काम. मार्च उजाडला की अख्खं अशोका गार्डन गच्चीवरून कूलर खाली उतरवतं. खस बदलायची, पंप बघायचा, गंज काढून रंग मारायचा. प्रभात चौराह्यापासून सुभाषनगरच्या फाटकापर्यंत ओळखीने कामं मिळाली. सुट्टीच्या दिवशी आणि संध्याकाळी मिळून एका हंगामात साठ कूलर, एकाचे ३०० प्रमाणे १८,०००. पहिल्यांदा लोकांच्या घरी हत्यारांची पिशवी घेऊन जायला तो लाजला. शेजारच्या सरदारजींनी त्याला "उस्ताद" म्हणून हाक मारली, तेव्हा ती लाज गेली.

मी डबे सुरू केले. आठ डबे, ७० रुपयांना एक, महिन्याला २६ दिवस. १४,५६० आले आणि मला वाटलं, जिंकलं. मग खरा हिशेब मांडला. शिधा आणि भाजी ९,०००, गॅस, डबे पोचवणं आणि बाकीचं २,६००. हातात २,९६०. रोजचे चार तास धरले तर तासाला अठ्ठावीस रुपये. रडू आलं. घरच्या घरी काम करणाऱ्या बहुतेक बाया हा तासाचा हिशेब मांडत नाहीत, कारण आपली वेळ फुकट असते असं आपण लहानपणापासून धरून चालतो. लांबचे दोन डबे सोडले, दर ८० केला, आणि जोर दिला तो सणाच्या ऑर्डरींवर. होळीला पुरणपोळी, गणपतीत उकडीचे मोदक, दिवाळीत चकली. आमच्या हिंदी शेजारणींना पुरणपोळी आवडते, पण करायला येत नाही, आणि ती करायचं बळ ज्यांच्यात उरलं नाही अशी मराठी घरंही भोपाळात बरीच आहेत. अन्नसुरक्षेची नोंदणी केली, छोट्या धंद्याला तेव्हा वर्षाचे १०० रुपये पडत होते. आणि घरगुती सिलिंडरवर धंद्याचा स्वयंपाक चालत नाही म्हणून व्यावसायिक सिलिंडर घेतलं.

या वाटेने आमच्या आधी किती बाया गेल्या आहेत! मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायका कामगारांना महिनाभर उधारीवर जेवू घालत आणि स्वतः वाण्याच्या, सावकाराच्या देण्यात बुडत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. गोवामुक्तीच्या लढ्यात गोळी झेललेली ही बाई. रात्री पोळपाट धुताना मला त्यांची फार आठवण येते.

आमच्या गल्लीतही एक 'बीसी' आहे. महाराष्ट्रात ज्याला भिशी म्हणतात तीच. राज्य सरकारच्या लाडली बहना योजनेचे पैसे खात्यात आले की काही जणी त्यातूनच हप्ता भरतात. मी मात्र आकडा फिटेपर्यंत त्यात शिरले नाही. भिशी उचलून कर्ज फेडायचं आणि मग भिशीचे हप्ते भरत बसायचं, यात फक्त देण्याचं नाव बदलतं.

आज कॅलेंडरच्या मागे ३७,६०० उरले आहेत. सासूबाईंच्या पाटल्या घरी आल्या. भावाचे २५,००० याच आकड्यात आहेत. तो म्हणतो, विसर. मी खोडलेले नाहीत.

गेल्या आठवड्यात डबा घ्यायला आलेली समोरची वहिनी दारातच थांबली. ते जुनं कॅलेंडर उलटं टांगलेलं बघून म्हणाली, "भाभी, ये क्या लिख रखा है?" मी सांगितलं. ती आत आली, दार लोटलं, आणि बसली. तिचं देणं एका ॲपचं होतं. घेतलेले १२,०००, भरलेले १९,०००, आणि रात्री अकराला फोन. नातेवाइकांना फोटो पाठवू म्हणून. घरात कुणालाच माहीत नव्हतं. बँकेच्या किंवा वित्तसंस्थेच्या वसुलीवाल्याला संध्याकाळी ७ नंतर आणि सकाळी ८ च्या आधी फोन करायची परवानगी नाही, आणि कर्जाच्या ॲपला फोनमधले नंबर-फोटो उघडायचीही नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच सांगून ठेवलंय. ते मी तिला सांगितलं. सायबर पोलिसांचा १९३० लिहून दिला. आणि मन फारच खचलं तर दिवसरात्र चालणारा सरकारी टेलि-मानसचा १४४१६. तो तिने पदराच्या टोकाला बांधावा तसा मुठीत धरला.

मग कागद-पेन्सिल तिच्यापुढे ठेवली. तिने ॲपचं नाव लिहिलं, खाली आणखी दोन नावं लिहिली, आणि बेरीज करायच्या आधी विचारलं, "इनको आज ही बता दूँ?" तिचा नवरा आठला कामावरून येतो. साडेसात झाले होते. मी गॅस बंद केला आणि तिच्याबरोबर तिच्या घरी जाऊन बसले.