स्वल्पविरामाची शिस्त आणि शेतीची आकडेवारी

कृषी विस्ताराच्या कार्यात आज माहितीचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो वापरता येण्याजोग्या माहितीचा. गावपातळीवरील नोंदी अनेक ठिकाणी वर्डमध्ये टंकलिखित केल्या जातात. शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक, पीक, क्षेत्र, उत्पादन आणि मध्ये स्वल्पविराम. वाचण्यापुरते हे ठीक आहे. परंतु सरासरी काढणे, तुलना करणे किंवा खतांची मात्रा ठरविणे यासाठी तीच माहिती एक्सेलच्या रकान्यांत न्यावी लागते. हे काम निव्वळ कारकुनी आहे, हा समज आता सोडावयास हवा.

मृदा आरोग्य पत्रिकेचेच उदाहरण घेऊ. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश यांपासून सूक्ष्म अन्नद्रव्यांपर्यंत १२ घटक तपासले जातात. एखाद्या नमुन्यात जस्ताची तपासणी राहिली आणि टंकताना त्याची जागा स्वल्पविरामासह गाळली, तर पुढील लोहाचा आकडा जस्ताच्या रकान्यात जाऊन बसतो. जस्ताची किमान पातळी साधारण ०.६ पीपीएम, तर लोहाची ४.५ पीपीएम मानली जाते. साहजिकच जस्ताची कमतरता असलेली जमीन कागदावर समृद्ध ठरते आणि झिंक सल्फेटची शिफारस होतच नाही. म्हणून माहिती नसेल तेथे दोन स्वल्पविराम लागोपाठ ठेवावेत, शून्य लिहू नये. शून्य म्हणजे तपासले व आढळले नाही; रिकामी जागा म्हणजे तपासलेच नाही.

प्रत्यक्ष पद्धत अवघड नाही. वर्डमध्ये एका शेतकऱ्याची नोंद एकाच ओळीत असावी आणि प्रत्येक ओळीतील स्वल्पविरामांची संख्या सारखी असावी. १,२५,००० अशी रक्कम १२५००० अशी लिहावी. अन्यथा एका रकमेचे तीन रकाने होतात. पत्त्यातील स्वल्पविराम काढून तेथे मोकळी जागा सोडावी. नंतर सर्व मजकूर एक्सेलच्या पहिल्या रकान्यात चिकटवून ‘डेटा’मधील ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ निवडावे, ‘डिलिमिटेड’ व ‘कॉमा’वर खूण करावी. लागोपाठची विभाजक चिन्हे एकच मानण्याचा पर्याय मात्र बंद ठेवावा.

खरी दक्षता तिसऱ्या पायरीवर हवी. तेथे प्रत्येक रकान्याचा प्रकार ठरविता येतो. तो न ठरविल्यास ७/१२ असा गट व हिस्सा क्रमांक तारीख बनतो, बँक खाते क्रमांकाच्या आरंभीची शून्ये गळतात आणि १५ अंकांपलीकडील प्रत्येक अंकाच्या जागी शून्य येते. म्हणून ज्यांची बेरीज करावयाची नाही, असे सर्व क्रमांक ‘टेक्स्ट’ म्हणून घ्यावेत. एक्सेलच्या अशा परस्पर दुरुस्त्यांचा उपद्रव जगभर इतका वाढला, की २०२० मध्ये मानवी जनुकांची नावे ठरविणाऱ्या समितीने तारखेसारखी भासणारी काही नावेच बदलली. आपल्याला गट क्रमांक बदलता येणार नाहीत. सवय मात्र बदलता येईल.

तथापि सर्व भार क्षेत्रीय कर्मचाऱ्यावर टाकणे न्याय्य नाही. माहिती मागविणाऱ्या कार्यालयानेच रकाने निश्चित केलेला, एकके नमूद केलेला एक्सेल तक्ता आधी पाठवावा. एकाने क्विंटल प्रति हेक्टर व दुसऱ्याने क्विंटल प्रति एकर लिहिले, तर स्वल्पविराम कितीही अचूक असले तरी तुलना व्यर्थ ठरते. शेतकरी गट व उत्पादक कंपन्यांनीही आपल्या नोंदी प्रथमपासून तक्त्यातच ठेवाव्यात, मूळ फाइल जपावी आणि स्थलांतरानंतर किमान दहा ओळी मूळ नोंदीशी ताडून पाहाव्यात.

या पडताळणीस दहा मिनिटे पुरतात. ती टाळल्यास चुकीच्या खतमात्रेचा किंवा खात्यात न पोहोचलेल्या अनुदानाचा फटका ज्याला बसतो, त्या शेतकऱ्याने तो तक्ता कधी पाहिलेलाही नसतो.