पाच कोंबड्यांनाही लस मिळायला हवी

धारवाडात माळमड्डीसारख्या जुन्या वस्त्यांत अजून परसं उरली आहेत. आमच्या परसात पेरूखाली खुराडं आहे. त्यात दोन देशी कोंबड्या आहेत आणि तीन गिरिराज. गिरिराज ही बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने खास परसासाठी तयार केलेली जात. देशी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, गिरिराज सव्वाशेच्या पुढे जाते; पण ती सहसा खुडूक होत नाही. म्हणून तिची अंडी देशीखाली ठेवायची. एकवीस दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. (नुसती अंडी हवी असतील तर कोंबडा लागत नाही. आरवण्यावरून शेजारी कुरकुरत असतील तर कोंबडा ठेवूच नये.)

त्याच दिवशीचं अंडं उकडू नये, सोलताना टरफलाबरोबर पांढरंही निघून येतं. उकडायला आठवड्याचं जुनं बरं. ताजं थेट रश्शात सोडावं. कांदा, सुकं खोबरं भाजून ब्याडगी मिरचीबरोबर वाटायचं. रस्सा उकळला की आच मंद करायची आणि वाटीत फोडलेलं अंडं कडेने अलगद सोडून झाकण ठेवायचं. चमचा अजिबात लावायचा नाही. जोंधळ्याच्या भाकरीबरोबर असा रस्सा असला की आमच्याकडे दुसरं कालवण लागत नाही.

पण कोंबड्यांत मानमोडीची साथ आली की दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं होतं. हिरवी हगवण लागते, मान पिळवटते, आणि मग औषध नाही. लस आहे, स्वस्तही आहे. अडचण बाटलीची आहे. एका बाटलीत शंभर किंवा त्याहून जास्त डोस असतात आणि एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? म्हणून घरोघरच्या कोंबड्या लसीविनाच राहतात.

हुबळी-धारवाड महापालिकेचे 82 प्रभाग आहेत. पशुवैद्यकीय खात्याने आणि पालिकेने मिळून प्रत्येक प्रभागात महिन्यातला एक दिवस ठरवून द्यावा. बाटली एक, कोंबड्या वीस घरच्या. यात खर्च फारसा नाही, तारीख तेवढी आधी कळायला हवी.

तोवर आमच्या गल्लीत आम्ही वर्गणी काढून बाटल्या आणतो, बर्फ घातलेल्या थर्मासमधून. कोंबड्या खुराड्यात शिरल्या की पिल्लांच्या डोळ्यांत थेंब आणि मोठ्यांना पंखाखाली सुई. माळमड्डीत ज्यांच्याकडे दोन कोंबड्या आहेत, त्यांनीही यावं.