शब्दांच्या कुळकथा : वेणी

‘वेणीसंहार’ हें नांव ऐकून आमच्या नातीनें परवां विचारलें, “आजोबा, द्रौपदीच्या वेणीचा नाश कोणीं केला?” वाचकांनीं हसूं नये, पुष्कळ जाणत्या मंडळींचाही हाच समज असतो.

संहार म्हणजे नाश, हा अर्थ आपल्या अंगवळणीं पडला आहे. मूळ अर्थ मात्र एकत्र आणणें, आवरून घेणें असा आहे. भट्टनारायणाच्या नाटकांत द्रौपदीचे सुटलेले केस अखेरीस भीम बांधतो, म्हणून तें वेणीसंहार.

वेणी हा शब्द कोशकार ‘वे’, म्हणजे विणणें, या संस्कृत धातूशीं जोडतात. आणि फणी हातीं घेणाऱ्या कोणाही गृहिणीस तें सहज पटेल. दोन पेडांचा नुसता पीळ होतो व सैल सोडतांच तो उलगडूं लागतो. तिसरा पेड आला कीं एका कडेचा पेड मधल्यावरून मध्यें येतो, मग दुसऱ्या कडेची पाळी. कोणताच पेड सदैव मध्यें नाहीं कीं सदैव कडेला नाहीं. हाच शब्द प्रयागास नद्यांना लाभला. गंगा, यमुना आणि गुप्त सरस्वती मिळून त्रिवेणी झाली. तेथें जाणाऱ्या महाराष्ट्रीय सुवासिनी आजही वेणीदान करतात. पति पत्नीची वेणी घालतो, आणि टोंकाचे केस कापून संगमांत अर्पण करतात.

मात्र या शब्दांत दुःखाचाही एक पेड आहे. विरहिणीनें शृंगार न करतां एकच वेणी धरावी, हा जुना संकेत; अशोकवनांतील सीता अशीच एकवेणी आहे. विधवेच्या वांट्यास तर तीही उरली नाहीं. १८९० सालीं मुंबईंतील नाभिकांनीं सभा भरवून विधवांचें केशवपन न करण्याचें ठरविलें. तरी आपल्या घरांतून ती चाल पुढेंही कित्येक वर्षें टिकली.

आमच्या लहानपणीं घरांतल्या साऱ्या मुलींच्या वेण्या आत्याबाई घालीत. अंगावर तांबडें आलवण, पदराखालीं केस नाहींत. “पेड सारखे घ्यावे, म्हणजे वेणी वांकडी जात नाहीं,” असें त्या म्हणत. नातीला उत्तर देतांना मला कोशापूर्वीं त्यांचे हात आठवले. ज्या घरांत अशी आजी वा आत्या होऊन गेली असेल, त्यांनीं तिची हकीकत मुलींना अवश्य सांगावी.