जुनी ओळख कामाची, पण पुरेशी नाही

‘‘तीन वर्षांपूर्वी मुलानं फ्लूची लस टोचून आणली होती. गोवराची लहानपणी घेतली की जन्मभर पुरते, मग हिलाच दरवर्षी काय धाड भरते?’’ चामटोलीहून ओपीडीत आलेल्या, सत्तरीतल्या मधुमेही आजोबांचा हा प्रश्न.

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शरीरातल्या ‘स्मृती बी पेशीं’त दडले आहे. विषाणूशी पहिली गाठ पडते तेव्हा त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी पेशी वाढतात. आजार ओसरल्यावर त्यातल्या बहुतेक मरतात. काही मात्र वर्षानुवर्षे ती ओळख जपतात. तोच विषाणू परतला की त्या लगेच कामाला लागतात. गोवराचा विषाणू आपली ओळख फारशी बदलत नाही. फ्लू आणि करोनाचे विषाणू मात्र सतत रूप पालटतात.

अशा वेळी जुन्या पेशीच आधी धावून येतात आणि नवे रूप नेमके ओळखू शकणाऱ्या ताज्या पेशींना वाव कमी मिळतो. अमेरिकी संशोधक थॉमस फ्रान्सिस यांनी १९६० मध्ये फ्लूच्या अभ्यासातून याला ‘मूळ प्रतिजनाचे पाप’ म्हटले.

मला हा ‘पाप’ शब्द थोडा अन्यायाचा वाटतो. २००९ च्या स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला. त्या साथीत जगभर तरुणांच्या मानाने वयस्कांना लागण कमी झाली, कारण १९१८ च्या साथीतल्या विषाणूच्या वंशजांशी त्यांची लहानपणीच गाठ पडली होती. तिथे जुनी ओळखच कामी आली.

ओमायक्रॉनने दुसरी बाजू दाखवली. राज्यातला त्याचा पहिला रुग्ण ४ डिसेंबर २०२१ रोजी आपल्या शेजारी, कल्याण-डोंबिवलीत आढळला. या विषाणूच्या काटेरी प्रथिनात ३० हून अधिक बदल होते. त्यामुळे लस घेतलेल्यांनाही लागण झाली. तरी गंभीर आजारापासूनचे संरक्षण बऱ्याच अंशी टिकले. प्रथिनाचे काही भाग बदललेले नव्हते, स्मृती पेशीही नव्या गाठीत स्वतःत सुधारणा करतात आणि टी पेशींचा हातभार असतोच. पुढे मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करोनाच्या नव्या लशींतून मूळ विषाणूचा अंश वगळण्याचा सल्ला दिला. जुनाच धडा पुन्हा गिरवून नवा शिकता येत नाही, हे त्यामागचे एक कारण.

म्हणूनच ‘एकदा होऊन गेला, आता भीती नाही’ आणि ‘लस घेऊनही झाला, म्हणजे लस कुचकामी’ ही दोन्ही वाक्ये चुकीची आहेत. जुनी ओळख जीव वाचवू शकते, लागण टाळेलच असे नाही.

फ्लूच्या लशीत कोणते विषाणू घ्यायचे याचा दरवर्षी फेरविचार होतो, तो यासाठीच. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो. त्यामुळे ज्येष्ठ, गर्भवती, मधुमेही, दम्याचे व हृदयविकाराचे रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारून एप्रिल-मेमध्येच ती घ्यावी. आणि सरकारी रुग्णालयांत ती पाऊस सुरू होण्याआधी पोहोचली पाहिजे. साथ आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. लस टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात.

आजोबांना मी एवढेच सांगितले, ‘‘तुमचं शरीर काही विसरलेलं नाही. पण विषाणू आता वेगळ्या वेशात येतोय, त्याची ओळख करून द्यायला नको का?’’