फोटोच्या पाठीवर

खामगावातले एक निवृत्त मास्तर, हौशी छायाचित्रकार, युरोपात मुलाकडे दोन महिने राहून आले. तिथले फोटो छापून घेऊन परवा आमच्या टेबलावर पसरले. ट्राममध्ये पेंगणारी बाई, पावाच्या दुकानापुढची रांग, आणि दफनभूम्या. पुष्कळ दफनभूम्या. "तिकडे मेलेल्या माणसाचंही नाव वाचता येतं," म्हणाले. फोटो सुरेख होते. एकाच्याही मागे अक्षर नव्हतं.

त्यातला एक नदीकाठच्या छत्रीचा. आपल्याच धाटणीची छत्री, आत रंगीत अर्धपुतळा. "फ्लॉरेन्स. कुण्या हिंदी राजाची कबर."

हा राजा म्हणजे कोल्हापूरचे दुसरे राजाराम महाराज. इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथे वारले, अवघ्या विशीत. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला, रक्षा आर्नोत सोडली. छत्री १८७४ची. म्हणजे कबर नाहीच ती. खाली कुणी नाही. आणि गंमत अशी की हे महाराज प्रवासात रोजनिशी ठेवत. कुठे गेलो, काय पाहिलं, कोण भेटलं, सगळं तारीखवार. ती १८७२ साली लंडनला छापून निघाली, म्हणून त्यांची विलायत आजही वाचता येते. मास्तरांचा युरोप त्यांच्या नातवाला तरी ओळखता येईल का?

एकट्या मास्तरांना काय बोलायचं! जलंब-खामगाव रेल्वे कापसासाठी आली, तीही १८७०लाच. त्या कापसावर उभ्या राहिलेल्या गावात जिनिंगपुढे कोट-टोपी घालून उभ्या आजोबांचे फोटो घरोघरी आहेत. डावीकडून तिसरे कोण, हे सांगणारी आजी गेली. फोटोमागे स्टुडिओचा शिक्का तेवढा ठळक. थडग्याच्या दगडावर निदान नाव आणि दोन सालं तरी असतात.

मास्तर ओशाळले, पेन्सिल मागून घेतली. फ्लॉरेन्सच्या मागे महाराजांचं नाव, साल, नदी, सगळं लिहून झालं. मग पिशवीतून एक जुना फोटो निघाला, आपल्याच कापूस बाजारातला: भरल्या गाडीवर बसून बिडी पेटवणारा गाडीवान. याच फोटोला त्यांना बक्षीस मिळालं होतं.

"'फोटो काहाले काढता भाऊ?' म्हणाला होता," मास्तरांना आठवलं.

आणि नाव?

पेन्सिल तशीच हातात राहिली.